बखर नगरीच्या भिंतीची व न फिरलेल्या दवंडीची

श्रीगजाननास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्या ज्या घरी आज चूल पेटली त्या त्या घरच्या अग्नीस नमन करून, शके सतराशे पंधरा, प्रमादीनाम संवत्सरी, वैशाख मासी ही हकीकत लिहावयास घेतली. सरकारची आज्ञा ऐसी जाहली की, नगरीमध्ये पूर्वी भिंत होती तिचे सर्व वर्तमान लिहून हुजुरात पाठवावे. आणि लिहिणारा जुना माणूस, पन्नास वर्षे दप्तरात बोटे काळी केली, दात गेले, डोळे निम्मे गेले, परंतु स्मरण शाबूत, सबब हे काम त्याजवरच घातले. स्मरण शाबूत आहे हेच तर दुखणे, ते पुढे कळेल. लिहिणाराचे नाव विचाराल तर ते येथे नाही. कारकुनास नाव कशास पाहिजे, हस्ताक्षर असले म्हणजे पुरे.

पूर्वी या नगरीस भिंत नव्हती. नदीकाठी वसलेली एकच वस्ती, दोन वेशी, सात पेठा, आणि राज्य दोघा बंधूंचे समाईक, एक थोरले सरकार व दुसरे धाकटे सरकार. दोघे एका पंक्तीस जेवीत, एका गादीवर बसत, आणि एकमेकांचे तोंड पाहून मनात जळत. मग शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, दसऱ्याचे दिवशी दोघांच्या पालख्या सीमोल्लंघनास दोन वाटांनी निघाल्या आणि कासार आळीच्या बरोबर मध्यावर एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. आळी अरुंद, एक पालखी जाईल, दोन जाणार नाहीत. थोरले बोलिले की आम्ही वडील, मान आमचा. धाकटे बोलिले की गेल्या साली तुम्ही पुढे होता, यंदा पाळी आमची. आणि कोणी मागे सरेना, आणि भोई खांदे बदलून बदलून घायकुतीस आले, आणि तीन दिवस पालख्या जागच्या हलल्या नाहीत. सरकारांस तेथेच फराळ, तेथेच पानविडा, तेथेच निद्रा, आणि बाकीचे विधी कोठे केले हे लिहिण्याचे कारण नाही. नगरीचे लोक सोने लुटावयाचे म्हणून आपट्याची पाने घेऊन तिष्ठत राहिले ते पाने सुकेपर्यंत राहिले. मग चवथे दिवशी दोन्हीकडच्या शहाण्यांनी मसलत काढिली की, पालख्या उभ्या आहेत तीच जागा सीमा मानावी, म्हणजे दोन्ही सरकारांचे सीमोल्लंघन जागच्या जागी जाहले आणि कोणाचा मान गेला नाही. उंटावरचे शहाणे ते. त्यांस खाली कोणाचे घर आहे, कोणाचे दार आहे, हे कोठून दिसावे? दोन्ही सरकारांस मसलत बहुत मानली आणि दोघे हसतमुखाने आपापल्या वाड्यात जाऊन आंघोळीस बसले.

सीमा आली म्हणजे भिंत आलीच. प्रथम काट्यांचे कुंपण जाहले, मग कुडाचे जाहले, मग माती गेली आणि काळा पाषाण आला, बारा हात उंच, नदीपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत. दोरी धरून आखणी केली, दोरी गेली तशी भिंत गेली. एका विहिरीच्या मधोमध गेली, एका गोठ्यातून गेली, तेव्हा म्हैस इकडे आणि पारडू तिकडे राहिले आणि आठ दिवस दोन्हीकडे कोणाच्या डोळ्यास डोळा नाही. कासार आळीचे दोन तुकडे होऊन वरली आळी थोरल्यांकडे आणि खालली आळी धाकट्यांकडे गेली. लोक हसत. आमच्या लोकांस अशा गोष्टीचे पहिल्याने हसूच येते. बायका पाथरवटांस ताक नेऊन देत, पोरे अर्ध्या भिंतीवर चढून सूरपारंब्या खेळत, आणि येणेजाणे चालावे म्हणून आळीच्या मध्यावर एक खिंड राखली होती, बैल जाईल एवढी, तीतून चौदा महिने अवघी वस्ती जात येत होती. इतके दिवस खिंड आहे तेव्हा पुढेही राहील, ऐसे ज्याने त्याने मनाशी धरले.

मग शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरी, मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस दवंडी जाहली की, उद्या सूर्यास्ती खिंड बंद होईल, ज्यास ज्या बाजूस राहणे त्याने त्या बाजूस राहावे, मागाहून तक्रार चालणार नाही. ही दवंडी खरोखर फिरली, दोन्हीकडे फिरली, हे वाचणाराने ध्यानी धरावे. हसणे तेव्हा थांबले.

वरल्या आळीत चिमाबाई म्हणून कासारीण होती, वय अडतीस, नवरा वारलेला, घरोघर हिंडून बांगड्या भरण्याचा तिचा धंदा. तिची एकुलती लेक राही, ती खालल्या आळीत दिलेली, आईच्या दारापासून साठ पावले, आणि पोटाशी पाचवा महिना. चिमाबाईने विचार केला की मला दुसरे कोण आहे, आपण लेकीच्या बाजूस जावे. आणि तृतीयेचे दिवशी सकाळपासून तिने खेपा घातल्या, बांगड्यांची मोट नेली, वळकटी नेली, हंडे नेले, आणि दोन प्रहर होत आले तेव्हा अवघे घर लेकीच्या ओट्यावर जाहले. राहीने पान वाढिले आणि म्हणाली की आई, आता बैस, जेव. परंतु लेकीस मूल होईस्तोवर आईने लेकीच्या घरचे अन्न घेऊ नये ही आमच्याकडची रीत, लहानथोर सगळे पाळतात, आणि चिमाबाई रीतीची पक्की. तिने ठरविले होते की उद्यापासून कोपऱ्यात आपली चूल वेगळी मांडू, आपले दाणे आपण रांधू, आणि नातवंड जाहले म्हणजे मग लेकीच्या हातचे पोटभर जेवू. आजची चूल मात्र अजून जुन्या घरी पेटती होती आणि घरचे देवही देव्हाऱ्यातच होते. राहीने पुष्कळ विनविले, हात धरिला, डोळ्यांस पाणी आणिले. तेव्हा चिमाबाई बोलिली, "अगं, दिवस केवढा वर आहे. दोन घास खाते, देव उचलते आणि आलेच." आणि खिंडीतून वरल्या आळीत गेली.

इकडे काय जाहले ते ऐका. जोशीबोवांनी पंचांग उघडिले तो सायंकाळी भद्रा निघाली. भद्रेवर शेवटचा दगड बसवू नये, बसविल्यास भिंत टिकणार नाही, मुहूर्त काय तो दोन प्रहरी आहे, ऐसे त्यांनी सांगितले. चौदा महिन्यांत दोन्ही सरकारांचे एकमत कशावर जाहले असेल तर यावर. मग ताबडतोब दोन चिठ्या निघाल्या, एक इकडच्या कचेरीस आणि एक तिकडच्या कचेरीस, की वेळ बदलली, दोन प्रहरी खिंड मिटते, आता लागलीच नवी दवंडी फिरवावी. तिकडच्या कारकुनाने चिठी वाचली आणि उभ्या उभ्या दवंडी रवाना केली. देव त्याचे भले करो, त्याचे नावही लिहिणारास ठाऊक नाही.

इकडची चिठी ज्याच्या हाती आली तो कारकून म्हणजे हाच लिहिणारा. चिठी आली तेव्हा पान वाढिले होते, चित्राहुती घातली होती, आपोशन घेतले होते. आपोशन घेतल्यावर पानावरून उठू नये ही आमच्या घरची सात पिढ्यांची चाल. डाव्या हाताने चिठी उघडिली, वाचली, समजली, आणि पाटाखाली सारली. मनात आणिले की जेवून देतो, तेवढ्यात काय प्रलय होतो. आणि जेवलो. हात धुतला, सुपारी तोंडात टाकली, मग चावडीवर जाऊन हैबती दवंडीवाल्यास चिठी दिली, तो डफ शेकून निघाला, बाजारपेठेच्या दोन गल्ल्या ओरडला, आणि तिसऱ्या गल्लीस वळतो तो भिंतीकडून पाथरवटांचा जयजयकार ऐकू आला. दगड बसला होता. कासार आळीत दवंडी पोचलीच नाही. मग सायंकाळी वरिष्ठांनी पुसले की दवंडी रीतसर जाहली ना, तेव्हा लिहिणाराने कागदावर लिहून दिले, "दवंडी तीन वेळा फिरविली." एक ओळ. लिहून शाईवर वाळू टाकली आणि सुखाने घरी गेलो, हे सांगावयास लाज वाटते, परंतु जे आहे ते आहे.

चिमाबाई देव पदरात बांधून खिंडीपाशी आली तेव्हा तेथे खिंड नव्हती. वरल्या आळीतील सतरा माणसे अशी नको त्या बाजूस राहिली. ती कचेरीत आली, रडली, भांडली, आणि त्यांस कागद दाखविला. हैबतीस विचारिले, तेव्हा त्याने आपली कातडी वाचवावयास शपथ वाहिली की मी तर गळा फुटेस्तोवर ओरडलो. कागदापुढे कोणाचे चालते? सतराही माणसे माना खाली घालून घरी गेली आणि प्रत्येकाने मनाशी धरिले की दवंडी जाहली, मलाच ऐकू आली नाही. हैबती पुढे पटकीने मेला. मग जाणणारा लिहिणारा एकटा राहिला आणि त्याने तोंडास कुलूप घातले.

पुढे एकोणीस वर्षे भिंत होती. दोहीकडे पहारे बसले, भिंतीस तोंड लावून हाक मारील त्यास फटके, वरून काही टाकील त्यास खोडा. दहा वर्षांत ऐसी पोरे निघाली की त्यांस भिंत म्हणजे टेकडीसारखी देवानेच केली वाटे. आणि दसऱ्यास दोन्हीकडे भिंतीची पूजा होऊ लागली, इकडचे लोक इकडून शेंदूर लावीत, तिकडचे तिकडून, आणि एका पुराणिकाने तिचे माहात्म्यही रचिले, त्यात ती विश्वकर्म्याने बांधिली म्हणून लिहिले. आम्ही कशाचीही पूजा करू, दगड उभा मात्र पाहिजे. राहीस मुलगी जाहली तिचे नाव साळू ठेविले. भिंत पडण्याच्या चार वर्षे आधी राही ज्वराने वारली. ते वर्तमान चिमाबाईस भिंत पडली तेव्हा कळले.

भिंत पडली ती लढाईने नव्हे. थोरले सरकार निपुत्रिक कैलासवासी जाहले, धाकटे सरकार न्हाणीघरात पाय घसरून गेले, आणि धाकट्यांचे चिरंजीव दोहीकडचे धनी जाहले. आता आपल्याच घरात आपलीच भिंत कशास, ऐसे मनात येऊन त्यांनी शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सरी पाडण्याचा हुकूम केला. आठ दिवसांत लोकांनी भिंत उचलून नेली. कोणी उंबरा केला, कोणी धुण्याचा दगड केला, एकाने पाटा केला आणि म्हणे त्यावर चटणी फार बारीक होते. कासार आळीतला खिंडीजवळचा अकरा हातांचा तुकडा तेवढा राहिला, कारण त्यात पिंपळ फुटला होता आणि पिंपळास कुऱ्हाड लावावयास कोणी धजेना.

मग तीन वर्षे लोटली आणि यंदा चैत्रात सरकारस्वारी तेथून जात असता सरकार बोलिले की, एवढी भिंत आम्ही पाडिली हे पुढल्या पिढीस कळावे कसे? मंडळींनी माना डोलाविल्या आणि स्मारकाचे काम निघाले. अकरा हातांच्या तुकड्यास चुन्याचा गिलावा जाहला, वर छत्री जाहली, भोवती साखळदंडांचे कुंपण जाहले, आणि कोणी हात लावू नये म्हणून चौकी बसली. जी भिंत पाडावयास आठ दिवस लागले तिचे अकरा हात राखावयास अठरा शिपाई लागले. हुकूम निघाला की भिंतीचा दगड ज्याच्या घरी असेल त्याने एक एक आणून द्यावा, तेव्हा लोकांनी सरकारास खूश करावयास नदीतून उचलून इतके आणिले की त्यांत तसल्या दोन भिंती जाहल्या असत्या. आणि कारभारी विसाजीपंत यांनी लिहिणारास बोलावून सांगितले की, जुने कागद पाहा, जुन्या माणसांच्या जबान्या घ्या, आणि शिळेवर कोरावयाचा मजकूर तयार करा.

जुने कागद काढिले तो वरच आपले हस्ताक्षर. "दवंडी तीन वेळा फिरविली." शाई जराही उडाली नव्हती. मनाची समजूत घातली की एवढ्या वर्षांची गोष्ट, आता कोणास काय त्याचे. मग जबान्या घ्यावयास प्रथम खालल्या आळीत गेलो. तेथे साळू भेटली, राहीची लेक, एकविसाचे वय, आळीतच दिलेली, कडेवर वर्षाचे मूल. तिने आईकडून ऐकिलेले सांगितले ते ऐसे की, त्या दिवशी दोन प्रहरी खालल्या आळीत दवंडी जाहली, आणि आई धावत खिंडीपाशी गेली आणि हाका मारू लागली, परंतु दगड घडण्याचा आवाज आणि लोकांचा गलबला, त्यात हाक कोण ऐकतो. जाऊन आणावी तर नवऱ्याने हात धरिला, की तू गेलीस आणि खिंड मिटली तर काय करशील. आई तेथे शेवटचा दगड बसेस्तोवर उभी होती. पुढे साळू बोलिली ते जसेच्या तसे लिहितो. "दवंडी दोन्हीकडे झाली. आजीनं ऐकली आणि तरी जेवत बसली. आई जन्मभर हेच म्हणायची, माझ्या आईला माझ्यापरीस भाकरी प्यारी." भिंत पडल्यावर चिमाबाई एकदा दाराशी आली होती, तेव्हा साळूने तिच्या तोंडावर दार लाविले. तीन वर्षे जाहली, मधे भिंत नाही, साठ पावलांचे अंतर, आणि येणेजाणे नाही.

लिहिणारा घरी आला आणि त्या दिवशी पानावर बसला तो भात नुसता चिवडीत राहिला. सूनबाईने विचारिले की मामंजी, मीठ जास्त पडले काय. आपण समजलो होतो की सतरा माणसांची गैरसोय केली. येथे एक लेक आईवर रुसून मेली होती, आणि दुसरी रुसून बसली होती, आणि त्या रुसण्यास बूड नव्हते. बूड काय ते आमच्या पाटाखाली होते.

दुसरे दिवशी चिमाबाईकडे गेलो. साठीची म्हातारी, ओट्यावर बसून दोरीत बांगड्या ओवीत होती. तिने बसावयास घोंगडी दिली आणि विचारिल्याबरोबर सांगू लागली, जणू ही जबानी रोज कोणास तरी देत असावी. "पंत, चूक माझीच. एक म्हणजे रीत धरून बसले. आणि दुसरं, पिठल्याला फोडणी घातली. ती चुरचुरत होती, तेवढ्यात दवंडी निघून गेली असणार. नाहीतर तीन वेळा ओरडलेलं मला ऐकू येऊ नये, एवढी का मी बहिरी?" त्या दिवसापासून तिने चुलीवर फोडणी घातली नाही. बावीस वर्षे उकडलेले खाल्ले. आळीत दुसऱ्यांचेही तसेच, कोणी म्हणे मी जात्यावर होते, कोणी म्हणे मी न्हात होतो. ज्याने त्याने आपापला गुन्हा शोधून ठेविला होता. साळूचा राग तिला नव्हता. ती म्हणाली की पोरीचे चुकले नाही, राहीचेही चुकले नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटले असते.

लिहिणाराने टाक खाली ठेविला. बोलावयाचे ठरवून गेलो नव्हतो, हे खरे सांगतो. परंतु फोडणीचे ऐकिले आणि मग राहवेना.

"चिमाबाई, दवंडी तुमच्या आळीत फिरलीच नाही. चिठी मजपाशी होती. मी जेवत होतो."

हातातली बांगडी तिने दोरीत ओविली, मग दुसरी ओविली. मग विचारिले, "काय होतं जेवायला?"

"वरण, भात, भोपळ्याची भाजी आणि ताक."

"ताक किती वेळा घेतलंत?"

"दोन वेळा."

तिने मान हलविली आणि म्हणाली, "म्हणजे माझे कान धड होते." आणि मग रडली. मोठ्याने नव्हे, परंतु पुष्कळ वेळ रडली, आणि लिहिणारा तेथेच बसून राहिला, कारण उठून जाण्यास तोंड नव्हते आणि बसण्यासही नव्हते. पाया पडावयास वाकलो तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली की पायाचे राहू द्या, हे साळूस कळले पाहिजे. मी म्हणालो की शिळेवरच कोरवितो, अवघ्या जगास कळेल, आणि मोठ्या जोमाने कारभाऱ्यांच्या वाड्यावर गेलो. वाटले होते की सत्तराव्या वर्षी का होईना, मान ताठ करून एक गोष्ट करावी.

विसाजीपंतांनी सर्व ऐकिले, तपकीर ओढली आणि सांगितले, "पंत, कागदावर हस्ताक्षर तुमचे. आता ते खोटे म्हणता, तर उद्या कोणता कागद खरा म्हणावा? आणि तिकडची दवंडी खरी नि इकडची खोटी असे शिळेवर आले, तर वरली आळी नि खालली आळी पुन्हा एकमेकांवर धावतील. स्मारक सलोख्याचे आहे. आहे ते राहू द्या." म्हणणे अगदीच गैर नव्हते, हीच कारभाऱ्यांच्या म्हणण्याची खुबी असते. मजकूर ठरला तो ऐसा की, उभय सरकारांनी प्रजेच्या हितास्तव भिंत बांधिली, रयतेस पूर्वसूचना दिली, दवंडी तीन वेळा फिरविली, आणि विद्यमान सरकारांनी प्रजेच्या हितास्तव ती पाडिली. पाथरवट दुसरे दिवशी कोरावयास बसला.

पडल्या तोंडाने चिमाबाईस येऊन सांगितले. वाटले की ती शिव्या देईल, त्या घ्याव्या. ती बोलिली, "त्या दगडाचं मला काय करायचंय. साळूला वाचता कुठं येतं? तिला ऐकू जाईल असं सांगा."

मग काय करावयाचे ते कळले. घरी सांगितले तेव्हा चिरंजीव म्हणाले की म्हातारपणी बुद्धी फिरली काय, जाऊन त्या बाईस चार शब्द आत बसून सांगा, डफ कशास? परंतु जे चारचौघांत लिहिले ते चारचौघांतच पुसले पाहिजे, त्यास कोपरा उपयोगी नाही. चावडीवरून डफ मागून घेतला. तो शेकावा लागतो हे ठाऊक होते, किती शेकावा हे ठाऊक नव्हते, सबब आवाज फाटका निघाला. वैशाख शुद्ध पंचमीस सकाळी खालल्या आळीत शिरलो, डोईस पागोटे, गळ्यात डफ, आणि मागे पोरांची ही झुंबड. पोरे हसली, बायका दारांत आल्या, एक म्हातारा म्हणाला की पंतांस भूत लागले. लिहिणाराने उभ्या जन्मात लेखणीवाचून काही उचलले नव्हते, परंतु ओरडलो.

"ऐका हो ऐका! शके सोळाशे त्र्याण्णव, मार्गशीर्ष वद्य तृतीयेस वरल्या आळीत दवंडी फिरलीच नाही हो! चिठी कारकुनाने दाबली, तो कारकून मी. वेळ बदलल्याचे चिमाबाई कासारणीस ठाऊक नव्हते. वरल्या आळीत कोणासही ठाऊक नव्हते. ती सूर्यास्ताच्या भरवशावर होती. ऐका हो ऐका!"

पोरांचे हसणे पहिल्याने थांबले, मग बायकांचे बोलणे थांबले. तीन घरे पुढे जाऊन पुन्हा ओरडलो. साळू दारात आली, कडेवर मूल, हात पिठाने भरलेले. आळीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो तोवर ती तेथेच उभी होती. तिने हाताने मला थांबविले आणि विचारिले, "तिला ठाऊकच नव्हतं?"

"नव्हते."

"आईला हे कळलं असतं तर?"

लिहिणाराने डफ गळ्यातून काढिला. ती उंबऱ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आई जाताना मला म्हणाली, उद्या भिंत पडली तरी तिच्या दारचं पाणीसुद्धा पिऊ नको. मी नाही प्याले." एवढे बोलून आत गेली, आणि मला वाटले की दार लागले. परंतु हात धुवून, पदर घेऊन, मूल घेऊन ती बाहेर आली आणि वरल्या आळीकडे चालू लागली. मी डफ काखेस मारून मागोमाग, जरा अंतर राखून. पिंपळापाशी चौकीच्या शिपायाने तिला अडविले की सरकारी स्मारक आहे, येथून सरळ जाता येणार नाही, वळसा घाल. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतले. साखळदंडांस वळसा घालून गेली.

एकंदर भिंत एकोणीस वर्षे होती, पैकी अकरा हात आज शिल्लक आहे, वर छत्री आहे, पुढे शिळा आहे, आणि शिळेवर दवंडीची जी ओळ आहे ती खोटी आहे. बखर हुजुरात पोचल्यावर हे पान ठेवितील की फाडतील हे सरकारच्या मर्जीवर, म्हणून एक प्रत घरीही ठेविली आहे. त्या दिवशी चिमाबाईच्या घरात आजी आणि नात यांचे काय बोलणे जाहले, कोण आधी रडले, कोणी कोणास काय वाढिले, ते या बखरीत नाही. लिहिणारा ओट्याखाली उभा होता. त्यास आत बोलाविले नाही, ते योग्यच केले, आणि तो डफ चावडीवर टांगून घरी गेला.